किल्लारीनंतरचं काँक्रीट

लातुरात घर बांधायला निघालेला माणूस आरसीसी कन्सल्टंटकडे येतो, तेव्हा बहुतेक गोष्टी ठरलेल्या असतात. नकाशा झालेला असतो, गवंडी सांगून ठेवलेला असतो, बऱ्याचदा मुहूर्तही निघालेला असतो. खुर्ची पुढं ओढून तो एवढंच सांगतो, "साहेब, गज कमी करू नका बरं. आपल्याकडं किल्लारी झालेलं आहे." पस्तिशीच्या आतला माणूसही हेच बोलतो. भूकंप त्यानं पाहिलेला नसतो, पण घरात तो ऐकून ऐकून मोठा झालेला असतो.

औसा रोडवर ऑफिस असलेले एक स्ट्रक्चरल इंजिनिअर हे वाक्य व्यवसायाच्या पहिल्या दिवसापासून ऐकत आले आहेत. पर्यावरणपूरक बांधकामाविषयी त्यांच्याशी बोलायला बसलं, की ते आधी हेच वाक्य समोर ठेवतात. सिमेंट वाचवा, लोखंड वाचवा असं इथं म्हटलं, की ऐकणाऱ्याला 'जिवाची काळजी कमी करा' असं ऐकू येतं. ही धास्ती फक्त घरमालकांची नाही. लातूर-नांदेडच्या इंजिनिअरांच्या मनातही ती खोल आहे. तिला अज्ञान म्हणून झटकून टाकणं अन्यायाचं होईल.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या तुलनेत ही तीव्रता मध्यमच. माणसं मारली ती घरांनी. दगडाच्या भिंती दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत जाड होत्या, पण ती जाडी फसवी होती. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधल्या पोकळीत चिपा आणि चिखल. दोन थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच कुठं असायचा. वर लाकडी तुळया, कड्या आणि त्यावर मातीचं माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. हलकल्लोळ झाला त्या पहाटे भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली.

त्याच गावांत काही घरांचं छत भिंतींवर नव्हतं, लाकडी खांबांवर होतं. तिथं भिंती बाहेर कोसळल्या, खांब उभे राहिले आणि आतली माणसं वाचली. गावकुसाबाहेरच्या कुडाच्या, गवताच्या हलक्या घरांत तर मृत्यू कमी झाले. ज्यांना दगडाचं घर परवडत नव्हतं, ते वाचले. ही गोष्ट पाहणी करायला आलेल्या तज्ज्ञांनी नोंदवून ठेवली आहे, गावातल्या माणसांनाही ती ठाऊक आहे. तरीही लोकांच्या मनात धडा राहिला तो वेगळाच: दगडमाती मारते, सिमेंट तारतं.

जागतिक बँकेच्या मदतीनं झालेल्या पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी उभी राहिली. प्रयोग खूप झाले. गुबाळला घुमटाकार घरं आली. बाणेगाव 'मल्याळ मनोरमा'च्या पुढाकारानं, लॉरी बेकर यांच्या आराखड्यानुसार पुन्हा उभं राहिलं. बेकर म्हणजे केरळात कमी सिमेंटमध्ये, स्थानिक साहित्यात अनेक दशकं घरं बांधणारा माणूस. पण या प्रयोगांपेक्षा फार मोठा आकडा होता दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या घरांचा. तेरा जिल्ह्यांत जवळपास दोन लाख घरं या यादीत होती. घराच्या नुकसानीनुसार १७,००० किंवा ३४,००० रुपये मिळायचे. अपेक्षा होती, की या पैशात जुनं दगडी घर मजबूत करावं. बहुसंख्य लोकांनी त्या पैशात शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि दगडी घर तसंच सोडलं.

औसा रोडवरचे इंजिनिअर तेव्हा शिक्षण संपवून नुकतेच कामाला लागले होते. मजबुतीकरणाचं काम त्यांनी अशाच एका गावात जवळून केलं. ते अजून त्याचं वर्णन हातवारे करून करतात. भिंतीच्या बाहेरून एक दगड काढायचा, त्याच्या समोर आतून एक दगड काढायचा, मधली माती हलक्या हातानं खरवडायची. भोक दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद झालं पाहिजे. त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेला गज ठेवायचा आणि काँक्रीट ठासून भरायचं. झाला आरपार जोड. मग माळवदावरची जास्तीची माती उतरवायची, खांब-तुळईच्या कोपऱ्यांना तिरप्या पट्ट्या द्यायच्या, भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. सिमेंटची मोजकी पोती आणि थोडे गज लागायचे. बाकी सगळं साहित्य जागेवर होतंच.

त्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं काम बघून घेतलं, नीट प्रश्न विचारले आणि शेवटी सांगितलं, "बाळा, तू केलंस ते पक्कं असंल. पण मी आता दगडाखाली झोपत नसतो." याच्यावर कुठलाही आयएस कोड उत्तर देऊ शकत नव्हता. त्यांनीही दिलं नाही. तंत्र बरोबर असलं तरी माणसाला त्या छताखाली डोळा लागला पाहिजे, हे त्या वयात कळलं ते बरं झालं, असं ते म्हणतात.

किल्लारीच्या आधी हा सगळा भाग भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होता. २००२ च्या सुधारणेत पहिला झोन रद्दच झाला आणि लातूर-किल्लारीचा पट्टा तिसऱ्या झोनमध्ये आला. नांदेड दुसऱ्या झोनमध्ये आलं. झोन बदलला तशी गणितं बदलली, लोखंड वाढलं, आणि ते वाढायलाच हवं होतं. प्रश्न आहे तो गणिताच्या वर चढवलेल्या थरांचा. कोडमध्ये भार दीडपट धरलेला असतो, काँक्रीटची ताकद दीडनं भागून कमी मानलेली असते, लोखंडाची १.१५ नं. त्यावर सॉफ्टवेअरनं सांगितलेल्या १३० मिलिमीटर अंतराचे गज इंजिनिअर '१०० च ठेवा' म्हणून जवळ आणतो. साइटवर मालकाचा मेहुणा येतो आणि बीममध्ये आणखी दोन गज घालायला लावतो. सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो.

पण बीममधले हे जास्तीचे गज घराला वाचवतीलच असं नाही, उलट घात करू शकतात. भूकंपात आधी बीमनं वाकावं आणि कॉलमनं उभं राहावं, अशी रचना हवी. आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत तर सांध्याशी कॉलमांची एकत्रित ताकद बीमांच्या १.४ पट असावी असं स्पष्ट लिहिलं आहे. मेहुण्याच्या दोन गजांनी बीम कॉलमपेक्षा भारी झाला, तर मोडायची वेळ आल्यावर कॉलम मोडेल आणि सगळा मजला खाली येईल. याउलट कॉलमच्या रिंगेचं टोक ९० अंशांऐवजी १३५ अंशांत आत वळवायला जवळपास काहीच खर्च येत नाही, आणि जीव वाचतो तो तिथं. लातूरच्या साइटवर सर्वांत जास्त वाद रिंगेच्या या आकड्यावरून होतात. फिटरला तो वळवायला वेळ लागतो, म्हणून तो टाळतो. औसा रोडवरचे इंजिनिअर काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी जाऊन बघतात आणि गरज पडली तर काम थांबवतात.

टिकाऊ बांधकामाचा विचार त्यांच्याकडं आला तो या वाटेनं. कार्बनचे तक्ते पुष्कळ नंतर आले. भूकंपाचं बळ इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढतं. वजन कमी केलं, की बळ कमी, मग कॉलम लहान, लोखंड कमी, पाया कमी. म्हणजे किल्लारीनं शिकवलेलं आणि पर्यावरणवाले सांगतात ते एकाच गणितात बसतं. नऊ इंची विटांची दहा फूट उंच भिंत घेतली, तर प्रत्येक मीटर लांबीला तिचं वजन साधारण १,३०० किलो भरतं. तीच हलक्या, आठ इंची एएसी ब्लॉकची केली, तर गिलावा सोडून ४०० किलोच्या आसपास. मधल्या मजल्यांच्या सगळ्या भिंती अशा हलक्या झाल्या तर खालचा हिशेब किती बदलतो, हे ते मालकाला कागदावर करून दाखवतात. काही मालकांना पटतं. काहींना भिंत ठोकून बघितल्यावर पोकळ वाटते. "खिळा धरत नाही" ही तक्रार तर प्रत्येकाचीच, आणि ती खरीही आहे. त्यासाठी वेगळे स्क्रू येतात, ते गावात मिळायला हवेत.

या हिशेबाला मोबदला नाही, हेही सांगायला हवं. फी चौरस फुटावर ठरते. कॉलमची जागा दोनदा बदलून, आर्किटेक्टशी भांडून, रात्री बसून लोखंड वाचवलं तरी फी तेवढीच राहते. घाईनं केलेलं जड डिझाइन झटपट होतं आणि त्याला कोणी नाव ठेवत नाही. हलकं डिझाइन करणाऱ्याला मात्र प्रत्येक भेगेचा जाब द्यावा लागतो, मग ती भेग गिलाव्याची का असेना. २०२० पासून राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ग्रीन रेटिंग घेतलेल्या इमारतींना थोडा जास्त एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी मिळते. पण हजार-बाराशे फुटांच्या प्लॉटवर घर बांधणारा माणूस रेटिंगच्या वाटेला जात नाही, आणि लातूर-नांदेडमधली बहुतेक बांधकामं याच माणसाची आहेत. मराठवाड्यात टिकाऊ बांधकाम रुजायचं असेल, तर ते या हजार फुटांच्या घरात रुजलं पाहिजे. चकचकीत काचेच्या एखाद-दुसऱ्या इमारतीनं काही साधणार नाही.

सिमेंटचा प्रश्न लातुरात वेगळाच पेच घालतो. सिमेंट बनवताना चुनखडी भाजावी लागते. त्यात दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. साध्या सिमेंटच्या एका टनामागं साधारण आठ-नऊशे किलो वायू हवेत जातो. औष्णिक वीज केंद्राची राख त्यात मिसळली, तर भाजलेला भाग तेवढा कमी लागतो. अशा राखमिश्रित सिमेंटच्या, पीपीसीच्या पोत्यात ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते. राख मिळते जवळच, परळीला. हजार चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला सुमारे पावणेबारा घनमीटर काँक्रीट, म्हणजे नुसत्या स्लॅबला पाऊणशे पोती लागतात. ती पीपीसीची घेतली, तर बचत लहान नाही.

मुकादम मात्र हटून बसतो. "भिंतीला, गिलाव्याला राखेचं चालंल सर, स्लॅबला त्रेपन्न ग्रेडच पाहिजे." त्याच्या म्हणण्यात अनुभव आहे. राखेचं काँक्रीट ताकद सावकाश धरतं, सेंट्रिंग जास्त दिवस अडकून पडतं, भाडं चढतं. आणि त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं. आयएस ४५६ मध्ये साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंटला किंवा कोरड्या उन्हाळी हवेत किमान १० दिवस काँक्रीट ओलं ठेवायला सांगितलं आहे. मे महिन्यात, ४२ अंशांवर, लातुरात.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या शहरात स्लॅबवर आळं करून दोन इंच पाणी उभं करायचं म्हटलं, तर हजार फुटांना एका वेळी सुमारे पावणेपाच हजार लिटर, म्हणजे जवळपास एक टँकर लागतो. ऊन ते पाणी उडवतं आणि पुन्हा भरावं लागतं. शेजारची बाई घागर घेऊन रांगेत उभी असताना स्लॅबवर तळं कुणाच्या डोळ्यांनी बघवणार? परळीचं केंद्रसुद्धा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे राख मिळण्यासाठीही पाणी हवं आणि राखेचं काँक्रीट पिकण्यासाठीही पाणी हवं. कार्बन वाचवायचा की पाणी, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या चर्चासत्रात कुणी विचारत नाही. लातूरच्या इंजिनिअरला तो दर उन्हाळ्यात सोडवावा लागतो.

त्यांनी काढलेला मार्ग साधा आहे. मोठा स्लॅब शक्यतो पावसाळ्यानंतर टाकायचा. उन्हाळ्यात टाकावाच लागला, तर संध्याकाळी टाकायचा, त्यावर ओलं गोणपाट अंथरून प्लास्टिक झाकायचं. पाणी तळ्याच्या मानानं फार थोडं लागतं. कॉलमला गोणपाट गुंडाळून सुतळीनं आवळायचं. आणि ड्रॉइंगवरच सिमेंटचा प्रकार, पाणी मारण्याचे दिवस आणि सेंट्रिंग काढण्याची तारीख ठळक लिहायची, म्हणजे मुकादमाशी भाड्याचा वाद आधीच मिटतो.

नांदेडचं चित्र थोडं निराळं. इथं गोदावरी आहे, विष्णुपुरीचं धरण आहे, पाण्याची ओढ लातूरइतकी नाही. पण काळी माती खोल आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या घराला उचलते-सोडते. शहर चारी बाजूंनी शेतांवर पसरलं आहे, त्यामुळं नव्या घरांतल्या बऱ्याच घरांचा पाया या मातीत आहे. नांदेडात प्रॅक्टिस करणारी एक तरुण इंजिनिअर आधी औसा रोडच्या त्याच ऑफिसात शिकाऊ म्हणून होती. ती सांगते, की तिच्या कामात सिमेंटची सर्वांत मोठी नासाडी जमिनीखाली होते. माती परीक्षण करायचे पैसे वाचवायचे आणि अंदाजानं अवाढव्य फूटिंग ओतायचं, ही सवय. थोडा खर्च करून मुरूम किती खोल आहे ते कळलं, तर कुठं लहान फूटिंग भागतं, कुठं खाली फुगीर केलेले अंडर-रीम्ड पाइल घ्यावे लागतात. आता ती परीक्षणाचा अहवाल आल्याशिवाय पायाचं ड्रॉइंग देत नाही. काही गिऱ्हाइकं यामुळं दुसरीकडं गेली.

वाळूचाही तिथं रोजचा झगडा. गोदावरीचं पात्र किती ओरबाडलं गेलं, हे नांदेडकरांना वेगळं सांगायला नको. दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू हा पर्याय आहे, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारनं त्यासाठी धोरणही आणलं. गवंडी तिला कच म्हणतात आणि नाक मुरडतात, कारण तिच्या टोकदार कणांमुळं काँक्रीट खरबरीत होतं, थापीखाली सरकत नाही. मग ते पाणी वाढवतात आणि ताकद घालवतात. ती साइटवर उभी राहून पाण्याऐवजी काँक्रीट सैल करणारं अॅडमिक्श्चर मोजून घालायला लावते. "मॅडम, पहिल्यांदाच बघतोय हे," म्हणणारा मिस्त्री दुसऱ्या साइटवर स्वतःहून बाटली मागतो. तिला सर्वांत मोठा आनंद त्याचाच होतो.

जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि सकाळी नांदेडची माणसं घराबाहेर धावली. त्यानंतर जुन्या शहरातल्या एका कुटुंबानं तिला वाडा बघायला बोलावलं. दोघे भाऊ, धाकट्याला वाडा पाडून तीन मजली इमारत हवी, थोरल्याला ठरवता येईना. तिनं माळवदाला एक भोक पाडून मातीचा थर मोजला. दीड फूट. दहा बाय बाराच्या एका खोलीच्या डोक्यावर आठ टन. नुसता आकडा ऐकून थोरल्या भावानं त्याच रात्री मुलांची अंथरुणं दुसऱ्या खोलीत हलवली.

लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्सनं २०२० मध्ये बांधकामातला कार्बन मोजायची पुस्तिका काढली. २०१९ मध्ये तिथल्या स्ट्रक्चरल कंपन्यांनी हवामान संकटाविषयी जाहीरनामाही केला होता. या सगळ्या चर्चेत एक गोष्ट वारंवार येते: शक्य असेल तर जुनं पाडू नका, वापरा. तिनं ते वाचलेलं होतं. पण भावांसमोर तिनं लंडनचं नाव काढलं नाही. लातूरच्या सरांना फोन केला.

"सर, आरपार जोडाची पद्धत मला पुस्तकातून माहिती आहे. तुम्ही हातानं केलेली आहे."

"येतो मी. पण त्या माणसांना आधी विचार, त्यांना त्या घरात झोप लागणार आहे का."

तिनं विचारलं. धाकट्याचं उत्तर 'नाही' असं आलं. शेवटी तडजोड झाली. रस्त्याकडचा भाग, जिथं दुकानं काढायची होती, पाडला गेला. त्याच्या कोरीव खांबांपैकी दोन विकले गेले, हे तिला अजून बोचतं. मागचा भाग, चौक आणि चार खोल्या, ठेवायचं ठरलं. माळवदाची माती सहा इंचांवर आणायची, त्यावर पाणी अडवणारा थर द्यायचा, भिंतींत जोड घालायचे, वरून पट्टा फिरवायचा. पाडून नवं बांधण्यापेक्षा खर्च बराच कमी आला. पाडलेल्या भागाचे दगड पुढच्या इमारतीच्या जोत्यात गेले.

लातूरहून सर आले तेव्हा त्यांनी पहिला दगड स्वतः काढून दाखवला. नांदेडच्या गवंड्यानं असं काम कधी केलेलं नव्हतं. भोक रुंद-अरुंद-रुंद का पाहिजे, हे त्याला दुसऱ्या जागी समजलं आणि तिसऱ्या जागी त्यानं सरांना बाजूला व्हायला सांगितलं. मग त्यानं विचारलं, "सर, याचा दर काय लावायचा? भिंतीचा फुटावर असतोय, स्लॅबचा फुटावर असतोय. भोकाचा दर कुणी सांगितलेला नाही."

दोघा इंजिनिअरांकडं त्याचं उत्तर नव्हतं. सरकारी दरसूचीत शोधून त्यांना असा नग सापडला नाही. मग तिघं चौकात बसले. एक गवंडी आणि एक बिगारी दिवसभरात किती जोड नीट करू शकतात, त्यात गज, सिमेंट, खडी किती जाते, याचा हिशेब मांडून त्यांनी नगावर दर ठरवला. नांदेडच्या ऑफिसातल्या अंदाजपत्रकात आता तो रकाना छापलेला असतो. जुन्या दगडी घरासाठी कुणी आलं, की पाडकामाच्या आकड्याशेजारी ती तोही भरून देते.